गोठलेल्या लाकडाचा आकडा

"रसेल दारू पिऊन हात उचलणाऱ्यांतला नाही, पोरी. त्याची चूक निघाली की उचलतो. तेवढं ध्यानात ठेव."

लग्नाच्या दिवशी चर्चच्या तळघरात, मोरीपाशी, सूपचं पातेलं घासता घासता आर्मीन आत्या हे बोलली होती. आत्या म्हणजे रसेलच्या बापाची थोरली बहीण; तिच्याच हाताखाली तो वाढलेला. सिमोनने हातातलं फडकं फिरवत हसून म्हटलं होतं, "चूक काढलेली कुणाला आवडते, आत्या?" कॉलेजात चार वर्षं रसायनशास्त्र शिकलेली मुलगी ती. नीट शब्दांत, आकड्यांनिशी सांगितलं तर माणसाला काहीही पटवता येतं, असा तिचा समज होता. आत्याने पातेलं पालथं घातलं आणि दुसरं ओढलं.

त्याला पाच वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी सिमोनने गाडीत 'डावीकडे वळायला हवं होतं' म्हटलं, तेव्हा रसेलने तिचं बोट धरून मागे वाकवलं होतं. ते अजून सरळ होत नव्हतं. दुसऱ्या वर्षी जेवणाचं टेबल उलटलं. तिसऱ्या वर्षी इडा झाली, आणि सिमोन घरात पावलांचे आवाज मोजायला शिकली. ट्रकचं दार कसं आपटलं, बूट किती वेळ झटकले, किल्ल्या खुंटीला लावल्या की टेबलावर फेकल्या, यावरून तिला पुढचा तास कळायचा.

त्या हिवाळ्यात तिला भीती होती ती मात्र घर उबवणाऱ्या, लाकडावरच्या स्टोव्हची.

व्हर्माँटच्या त्या डोंगरात लाकूड बर्फ वितळायच्या आत तोडतात, फोडतात आणि उन्हावाऱ्यात रचून ठेवतात. तेव्हा कुठे ते पुढच्या हिवाळ्याला जळायच्या लायकीचं होतं. रसेल लाकूड कापायच्या गिरणीसाठी जंगलात झाडं तोडायचा. घरचं सरपण राहत राहत ऑगस्टवर गेलं. गावात मात्र तो सांगत सुटला, एप्रिलमध्ये तोडलंय. जानेवारीत ते मेपलचं लाकूड स्टोव्हमध्ये घातलं की आधी रडायचं. टोकांतून फेस यायचा, सूं सूं आवाज व्हायचा, काच काळीठिक्कर पडायची. स्टोव्हमधून धुराड्यात जाणाऱ्या नळाच्या सांध्यातून तपकिरी थेंब गळायचे आणि खालच्या पत्र्यावर डांबरासारखे वाळायचे. असं डांबर धुराड्याच्या आतून चढत गेलं आणि एक दिवस त्याने पेट घेतला की घर जातं, हे त्या रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. इडाचा पाळणा त्याच धुराड्याच्या भिंतीला लागून होता, कारण घरात उबेची जागा तेवढीच.

"लाकूड ओलं नाही ना?" तिने एकदा विचारलं. नुसतं विचारलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

रसेल तिला शेडमध्ये घेऊन गेला. खिळ्याला टांगलेलं, ओल मोजायचं मीटर काढलं, त्याच्या दोन सुया रचलेल्या लाकडाच्या बाहेरच्या अंगात खुपसल्या आणि तिच्या नाकासमोर धरलं. "वाच."

"सोळा."

"वीसच्या आत म्हणजे काय?"

"वाळलेलं."

"मग? समाधान झालं बाईसाहेबांचं?"

तिचं खरोखर समाधान झालं. दीड दिवस टिकलं. मग दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी विसळताना तिच्या मनात आलं की शेडमध्ये तापमान उणे बावीस होतं. मीटर काय करतं? दोन सुयांमधून वीज किती सहज जाते ते बघतं. ओल जास्त तर वीज जास्त. पण पाणी गोठून बर्फ झालं की त्यातून वीज जात नाही. गोठलेली ओल मीटरला दिसतच नाही. वर त्याने सुया बाहेरून खुपसलेल्या. बाहेरचा पापुद्रा तर वाऱ्यानेच सुकतो. लाकूड घरात आणायचं, एक दिवस कोमट होऊ द्यायचं, फोडायचं, आणि आतल्या ताज्या अंगावर लाकडाच्या रेषांच्या दिशेने सुया लावायच्या. अग्निशमनाच्या ठाण्यात भिंतीवर हे लिहिलेलं होतं, आणि रसेल त्याच ठाण्याचा स्वयंसेवक होता. त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण आकडा हवा तसा आला की माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही.

शुक्रवारी रसेल कामावर गेल्यावर तिने तीन ओंडके आत आणले आणि धुण्याच्या टोपलीमागे लपवले. शनिवारी तो पेट्रोल भरायला गेला तेवढ्यात हातकुऱ्हाडीने फोडले. चौतीस. छत्तीस. तिसऱ्यालाही चौतीस. तिने सुया पुसून मीटर शेडमध्ये जागच्या जागी टांगलं. ओंडक्यांचे तुकडे मात्र टोपलीमागेच राहिले, कारण तेवढ्यात ट्रक वळला.

त्या रात्रभर तिने वाक्य जुळवलं. सकाळी, नाश्त्यानंतर, दोघंच असताना, त्याला चुकीचं न ठरवता कसं सांगायचं.

रविवारी ठाण्यात पॅनकेकचा नाश्ता असतो. अख्खं गाव जमतं, फायर इंजिन बाहेर काढून आत टेबलं मांडतात. ठाण्याचा प्रमुख कॅल्विन बझेल हातात मेपलच्या पाकाची किटली घेऊन फिरत होता.

"काय रे रस, तुझ्या धुराड्यातून काल पिवळा धूर बघितला. मोजे जाळतोस की काय?"

टेबल हसलं. रसेलही हसला. "सासूची पत्रं जाळतो. लाकूड फर्स्टक्लास आहे. सोळावर."

"सोळा? ह्या साली? मग मला दे की चार गाड्या. माझं बावीसच्या खाली यायला तयार नाही."

"तोडायला लवकर उठावं लागतं, कॅल."

पुन्हा हशा. सिमोन इडाला पॅनकेकचा तुकडा भरवत होती. 'सोळा' हा शब्द आला तेव्हा तिचे डोळे ताटाकडे गेले, आणि ते जाताना रसेलने पाहिलं.

परतताना गाडीत त्याने विचारलं, "किती आला?"

"काय किती?"

"सिमोन. किती आला?"

तिने रात्रभर जुळवलेलं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. एक शब्द सापडेना. मागे इडा गाणं म्हणत होती.

घरी पोचल्यावर त्याने बूट झटकले नाहीत. तसाच बर्फासकट आत गेला आणि घर उपसायला लागला. कपाट उघडलं, सरपणाची पेटी उलटी केली, मग धुण्याची टोपली लाथेने उडवली. पांढरी, ताज्या फोडीची लाकडं घरंगळत बाहेर आली. एकेकावर सुयांची दोन-दोन बारीक भोकं. त्याने एक तुकडा उचलला, भोकांवरून अंगठा फिरवला.

"माझ्या पाठीमागे?"

"रसेल, इडासाठी. धुराड्याची भिंत..."

"माझ्या पाठीमागे माझं लाकूड मोजलंस. आणि तिथे सगळ्यांसमोर मान खाली घातलीस."

तो शेडमध्ये जाऊन मीटर घेऊन आला. सिमोनने इडाला पट्टा लावून उंच खुर्चीत बसवलं होतं. तिला उचलायला ती वळली आणि त्याने तिचं मनगट धरून टेबलावर आपटलं. सुया नव्या होत्या, टोकदार. त्याने त्या तिच्या पंज्याच्या मागच्या बाजूला टेकवल्या आणि आपलं वजन टाकलं. सुया कातड्यातून आत जाऊन हाडाला लागल्या. सिमोनला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि तो आपला आहे हे उशिरा कळलं.

"वाच."

"सोड..."

"वाच म्हटलं ना, कॉलेजवाली! आकडे वाचायची हौस ना तुला?"

मीटरवर आकडा नव्हताच, नुसत्या रेघा होत्या. यंत्राची मर्यादा संपली की येतात तशा. रसेल ते बघून हसला. "मोजता येण्यापलीकडची ओली निघालीस तू. तुला आधी वाळत घालायला हवी." त्याने सुया उपटल्या. दोन थेंब वर आले, मग दोन ओघळ झाले. इडा गाणं थांबवून आईकडे बघत होती.

"आता बघ, ओलं जळतं का ते," तो म्हणाला.

त्याने स्टोव्हचं दार उघडलं, ढोसण्याने निखारे वर काढले आणि लाकूड कोंबायला लागला. पुठ्ठे, जुनी वर्तमानपत्रं, पेटीतून सांडलेल्या सगळ्या कोरड्या काटक्या, वर ते फोडलेले तुकडे. हवेची झडप पूर्ण खेचून उघडली. नळातली धूर अडवणारी पट्टीही सताड उघडी. आठवडेच्या आठवडे मंद धुमसणारा तो स्टोव्ह एकदम भडकला. काचेवरची काजळी सोलून निघाली.

सिमोन पुढे झाली. "झडप बंद कर. रसेल, नळात डांबर आहे, झडप बंद कर."

त्याने न वळता कोपर मागे फेकलं. ते तिच्या गालफडावर बसलं. ती पेटीवर पडली. तोंडात रक्ताची चव आली, जिभेला दाताचा तुकडा लागला. ती पुन्हा उठली आणि झडपेकडे हात केला. या वेळी त्याने तिचे केस धरले आणि तिचं तोंड स्टोव्हच्या दारासमोर आणलं, इतकं जवळ की भुवया करपल्याचा वास आला.

"दिसतंय? जळतंय ना? म्हण, जळतंय."

"जळतंय."

"म्हण, माझं चुकलं."

"माझं चुकलं. माझं चुकलं, रसेल."

तेवढ्यात धुराड्यात काहीतरी जागं झालं. आधी भिंतीत उंदीर धावावेत तसं खरखरलं. मग घरघर सुरू झाली, ती चढत गेली, आणि बघता बघता अंगणात विमान उतरावं तसा गडगडाट झाला. खिडक्यांची तावदानं थरथरली. कपाटातल्या बश्या एकमेकींवर वाजू लागल्या. नळ वळणापाशी काळ्याचा किरमिजी झाला, किरमिजीचा लाल. इडाच्या पाळण्यामागच्या भिंतीवर रंगाचे फोड आले.

रसेलने तिचे केस सोडले. आग लागलेली घरं त्याने पंधरा-वीस तरी बघितली होती. तो आवाज काय आहे हे त्याच्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज होती. सिमोनने ती बघितली. आगीपेक्षा ती वाईट होती.

"नुसती हवेची ओढ आहे," तो म्हणाला. "जोरात ओढतंय, बाकी काही नाही."

"फोन कर. गाडी बोलाव."

"गाडी? माझ्या घरी? कॅलने येऊन माझं धुराडं विझवायचं?"

ती भिंतीवरच्या फोनकडे धावली. तो आधी पोचला. फोन वायरसकट उपटून त्याने स्टोव्हमध्ये टाकला. मग दाराकडे गेला, कडी घातली आणि पाठ टेकून उभा राहिला.

"दहा मिनिटांत आपोआप विझेल. कुणी कुठे जाणार नाही."

छतातून धूर यायला लागला होता. पातळ, पिवळा. इडा खोकली. नुसती एकदा, हलकेच, मोठ्या माणसासारखी खोकली, आणि त्या खोकल्याने सिमोनच्या डोक्यातले सगळे मोजके शब्द पुसून टाकले. तिने पेटीजवळ पडलेला अख्खा ओंडका दोन्ही हातांनी उचलला. ओलं मेपल. वाळलेलं असतं तर हलकं भरलं असतं. रसेल म्हणाला, "ठेव ते खाली, वेडे," आणि तिने तो त्याच्या नडगीवर घातला. हाड मोडल्याचा आवाज त्या गडगडाटातही ऐकू आला. तो बसला. त्याने तिचा घोटा पकडला. तिने दुसरा घाव हातावर घातला. तिसरा घालायची गरज नव्हती; तो तिने घातला. त्याबद्दल तिला पुढे कोर्टात विचारलं गेलं, आणि तिने खरं सांगितलं.

पट्टा सुटेना. रक्ताने बोटं निसटत होती. शेवटी तिने इडाला पट्ट्यातून वरच ओढून काढली, एक बूट खुर्चीत राहिला. कडी काढली. बाहेर ऊन होतं, लखलखीत, डोळ्यांत सुया जाव्यात तसं. ती मोज्यांवरच बर्फातून रस्ता ओलांडून पळाली. मागे धुराड्याच्या तोंडातून दोन पुरुष उंचीची ज्वाळा उठली होती, आणि जळत्या डांबराचे गोळे छपरावर पडत होते.

आर्मीन आत्या रस्त्यापलीकडच्या आपल्या घराच्या, रस्त्यावरून दिसणाऱ्या मागच्या दारात उभी होती. कानाला फोन.

"केला. निघालेत. आत ये. पोरीला दे इकडे. तुझं तोंड काय झालंय ते नंतर बघू."

"तो आत आहे, आत्या."

"नाही," आत्या रस्त्याकडे बघत म्हणाली. "येतोय."

रसेल एक पाय ओढत येत होता. हातात लाकडं फोडायचा घण होता. त्याचाच आधार घेत येत होता, पण आणला होता तो आधारासाठी नाही. आत्याने इडाला सिमोनच्या हातात परत दिलं, दोघींना आत ढकललं, बाहेरून दार ओढून घेतलं आणि स्वतः पायरीवर थांबली. एकोणऐंशी वर्षांची बाई, स्वयंपाकाच्या एप्रनमध्ये. सिमोनने खिडकीतून सगळं बघितलं. नजर काढता आली नाही.

"बाजूला हो, आत्या."

"तुझं घर पेटलंय. ते बघ जा."

"तिने पेटवलं. माझी पोर दे."

"रसेल, तुझी शी-शू काढलेला हात आहे हा. घण खाली ठेव."

"बाजूला हो म्हणतो ना!"

"चुकलास तू. ऑगस्टात तोडलंस, मी ह्याच पायरीवरून बघत होते. चुकलास म्हण आणि खाली बस, पोरा."

त्याने घण उचलला नाही. मोकळ्या हातानेच मारली, तोंडावर, पूर्ण ताकदीने. आत्या पायऱ्यांवरून गडगडत बर्फात गेली आणि तिचा डावा हात अंगाखाली भलत्याच दिशेला वळला. पडल्या पडल्या तिने उजव्या हाताने त्याच्या पँटचा काठ पकडला आणि सायरन ऐकू येईपर्यंत सोडला नाही. घणावर भार टाकून त्याने तिला दोन लाथा घातल्या. तरी सोडला नाही. इंजिन वळणावरून आलं तेव्हा कॅल्विन बझेल आणि नाश्त्याच्या टेबलावरचे चार पुरुष खाली उतरले, आणि सकाळी ज्याच्याबरोबर हसले होते त्याला त्यांनी आत्याच्या मुठीतून सोडवून बर्फात पालथा पाडला.

घराचं निम्मं छप्पर गेलं. पाळण्याची भिंत आतून कोळसा झाली होती.

रसेलने जबाब दिला की बायकोनेच स्टोव्ह ठासून भरला. बझेलने त्यावर वाद घातला नाही. त्याने शेडमधून सहा ओंडके नेले, ठाण्यात एक दिवस ठेवले, साक्षीदारांसमोर फोडले आणि मोजले. एकही तेहेतीसच्या खाली नव्हता. कोर्टात त्याने ते वाचून दाखवलं, आणि सिमोनच्या हातावरच्या दोन भोकांमधलं अंतरही मीटरच्या सुयांमधल्या अंतराशेजारी मांडलं. रसेलला एकवीस महिन्यांची कैद झाली.

सिमोन इडाला घेऊन दक्षिणेला आली. गावाचं नाव नको, पण गाडीने चार तास. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. घरात गॅस आहे, तरी इडाच्या खोलीची भिंत ती दिवसातून दोनदा तळव्याने चाचपते. आत्याला रोज सकाळी सातला फोन करते. "इकडे ये," हे प्रत्येक फोनला म्हणून झालं. आत्याचं उत्तर एकच, "ह्या वयात झाड उपटून दुसरीकडे लावत नाहीत, पोरी."

ऑक्टोबरमध्ये रसेल सुटला. न्यायालयाने त्याला सिमोनपासून लांब राहायला सांगितलंय. आत्यापासून सांगितलेलं नाही, कारण आत्याने तशी मागणीच केली नाही. त्याने आत्यासमोरच्या आपल्या जळक्या घरावर पत्रे टाकलेत आणि तिथेच राहतो. आत्याचं लाकूड आता तोच आणतो, तोच रचतो. "माफी मागितली त्याने. रडला," आत्या म्हणाली. गेल्या सोमवारी मात्र ती हळू आवाजात म्हणाली होती, "स्टोव्हची काच फार काळी पडायला लागलीये गं. आज त्याला सांगणार आहे मी."

मंगळवारी फोन उचलला गेला नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. बझेल फ्लोरिडात आहे, लेकीकडे. काउंटीच्या पोलीस ऑफिसातून कुणीतरी गाडी नेऊन बघून आलं आणि सिमोनला कळवलं की आत्याच्या धुराड्यातून धूर येतोय, सगळं ठीक दिसतंय. धूर कुठल्या रंगाचा, हे तिने विचारलं. ते त्यांनी बघितलं नव्हतं. ती निघाली असती. पण तो तिच्याच येण्याची वाट बघत असेल तर, आणि इडाला कुणाकडे ठेवायचं, या दोन प्रश्नांपाशी तिचा हात किल्लीवर थांबतो.

म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. आत्याच्या गावाच्या, वेस्ट हार्लोच्या बाजूला जाणार असाल तर गिरणी ओलांडून तिसरा फाटा घ्या. डावीकडे आत्याचं निळं घर. पुढच्या दाराने जाऊ नका, हिवाळ्यात आत्या त्याच्या फटींत चिंध्या कोंबून ठेवते. मागच्या पायऱ्यांनी जा. जोरात ठोठावा, तिला कमी ऐकू येतं. समोरच्या घरातून एक लंगडणारा माणूस येईल आणि अगदी गोड बोलेल. म्हणेल, आत्या झोपलीये. तुम्ही म्हणा, काही हरकत नाही, उठेपर्यंत थांबतो. आणि थांबा. ती स्वतः दारात येऊन उभी राहीपर्यंत थांबा.